साखळी एक, गुण अनेक

दुधाची पिशवी आणि खाद्यतेलाचा टणक डबा या दोन वस्तू शेजारीं ठेवून पाहिल्या, तर त्या एकाच द्रव्याच्या असतील असें सहसा कोणास वाटणार नाहीं. एक मुठींत चुरगळते. दुसरा पांच लिटर तेल पोटांत घेऊनही ताठ उभा राहतो. तथापि दोहोंचें द्रव्य एकच : पॉलिथिन. मग गुणांत एवढें अंतर कां? हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाहीं. कोणत्या भांड्यांत काय ठेवावें, हें ज्यांस रोज ठरवावें लागतें त्या प्रत्येक घराचा तो आहे.

प्लॅस्टिक म्हणजे अणूंच्या अतिशय लांब साखळ्या होत, हें मत हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञानें १९२० सालीं मांडलें. त्या वेळीं अनेक विद्वानांनीं तें मानलें नाहीं. पुढें १९५३ सालीं त्याच कार्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पॉलिथिनच्या साखळीची कडी इथिलीन वायूची. हें द्रव्य १९३३ सालीं इंग्लंडांतील चेशायर परगण्यांत, फॉसेट व गिब्सन या दोघांस प्रचंड दाबाखालीं प्रयोग करीत असतां अकस्मात् सांपडलें. मात्र अशा दाबांत बनणाऱ्या साखळीस जागोजाग फांद्या फुटतात. १९५३ सालीं कार्ल त्सीग्लर यांनीं योग्य उत्प्रेरक योजून साध्या दाबांतच जवळजवळ सरळ साखळी बनविली.

सरळ काठ्यांची मोळी घट्ट आवळतां येते. फांद्यांसकट झुडपें बांधूं गेल्यास मध्यें पोकळ्या राहतात. येथेंही तेंच घडतें. फांद्यांचें पॉलिथिन हलकें व मऊ असून सुमारें ११० अंश सेंटिग्रेडवर वितळतें. सरळ साखळ्यांचें अधिक दाट व कणखर असून सुमारें १३० अंशांपर्यंत टिकाव धरतें. पहिल्याची पिशवी होते, दुसऱ्याचा डबा.

केवळ फांद्याच नव्हे, तर मांडणीही महत्त्वाची. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवर ठराविक अंतरानें एक लहानसा गट लोंबत असतो. हे गट कसेही विखुरले तर द्रव्य चिकट व निरुपयोगी होतें. १९५४ सालीं मिलान येथील जूलिओ नात्ता यांनीं ते सर्व एकाच बाजूस आणले आणि त्याच घटकांतून सुमारें १६५ अंशांवर वितळणारें कठीण प्लॅस्टिक निर्माण झालें.

तिसरा प्रकार बेकलाइटचा. लिओ बेकलंड यांनीं तें १९०७ सालीं तयार केलें. यांत साखळ्या एकमेकींस आडव्या दुव्यांनीं कायमच्या जखडलेल्या असतात. मेण तापविलें कीं पुनः वितळतें. परंतु भाजलेल्या भाकरीचें पुनः पीठ होत नाहीं. बेकलाइट भाकरीसारखें आहे. म्हणून कुकरची मूठ त्याची करतात. आणि म्हणूनच तुटलेली मूठ वितळवून नवी करतां येत नाहीं.

या ज्ञानाचा संसारांत उपयोग काय? वस्तूच्या बुडाशीं त्रिकोणांत अंक असल्यास तो पाहावा. ४ म्हणजे फांद्यांचें पॉलिथिन, २ म्हणजे सरळ साखळीचें, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. वितळण्यापूर्वींच प्लॅस्टिक मऊ पडूं लागतें, याकरितां उकळता चहा किंवा आमटी पातळ पिशवींत कधींही ओतूं नये. बादली सदैव उन्हांत ठेवूं नये. सूर्यप्रकाशांतील जंबुपार किरणांनीं साखळ्या तुटतात व बादली ठिसूळ होते. जुन्या वस्तू भंगारवाल्यास देतांना अंकांप्रमाणें निराळ्या कराव्या. कारण पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन एकत्र वितळविलीं तरी नीट मिसळत नाहींत, आणि त्यांपासून झालेली वस्तू दुबळी निघते.

एकदां बनलेलें हें द्रव्य मातींत सहजासहजीं मिळून जात नाहीं. तेव्हां घेतांना पारख आणि टाकतांना निवड, एवढें तरी आपल्या हातीं आहे, असें आम्हांस वाटतें.