नवा मोंढा, परभणी : 29 नोव्हेंबर 2024

सकाळी सात
अडतीचं शटर वर केलं तेव्हा ओट्यासमोर टेम्पो लागलेलेच होते. हमालांनी सोयाबीन उतरवून ढीग लावले, मी मूठ-मूठ दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकत गेलो. सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यातली शेतं पाण्याखाली होती. काळपट दाणा यंदा फार.

साडेदहा
लिलावाचं बीट सुरू. खरेदीदार ढिगात हात घालतो, दाणा दाताखाली फोडतो, भाव बोलतो. हमीभाव 4892 रुपये. आमच्या ओट्यावरचा एकही ढीग तिथवर पोचला नाही. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के झाली आहे, तिथंही चौकशी करा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अडतीवर बसून हे सांगू नये म्हणतात. मला पटत नाही.

दुपारी एक
पट्ट्या लिहायची वेळ. हमाली, तोलाई वजा करून रक्कम मांडायची. झरीकडचे एक काका पट्टी घडी घालत म्हणाले, "भाव मारला दिवाणजी, पर वल चांगली हाय. हरभरा झ्याक उगवलाय औंदा."
मला धीर येतो तो इथं. ज्या पावसाळ्यानं सोयाबीन नासवलं त्यानंच जायकवाडी धरण भरलं. काकांचे पैसे आता खताच्या दुकानात जातील, तिथून किराण्यात, मोटार दुरुस्तीवाल्याकडे, शाळेच्या फीत. मंदी हटते ती अशी, एकाची उधारी फिटली की दुसऱ्याची फिटते. दिल्लीतल्या घोषणांइतकंच हेही मोलाचं आहे आणि ते रोज माझ्या डोळ्यांसमोर घडतं.

चार
शेठच्या फोनवर बातमी आली : जुलै-सप्टेंबरचा विकासदर 5.4 टक्के, सात तिमाहींतला नीचांक. "आता खरेदीदार हात आखडणार," शेठ म्हणाले. मी त्याच बातमीतला पुढचा भाग वाचून दाखवला. कारखानदारी 2.2 टक्क्यांवर अडकली, पण शेती वर्षापूर्वीच्या 1.7 वरून 3.5 वर आली. 2020 च्या टाळेबंदीतही असंच झालं होतं. एप्रिल-जूनच्या पहिल्या अंदाजात देशाची अर्थव्यवस्था 23.9 टक्क्यांनी आकसली, शेती मात्र 3.4 टक्क्यांनी वाढली. त्यातून देश सावरला, हे आपण पाहिलंय.
"तेव्हा भाव होता," शेठ म्हणाले. खरं आहे. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन हमीभावाच्या दुपटीवर गेलं होतं. भाव नसेल तर शेतकऱ्यानं कितीही पिकवलं तरी बाजारात पैसा खेळत नाही, आणि या बाबतीत सरकारनं हात आखडता घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण भाव पडलेल्या वर्षातही लोकांनी हरभरा पेरला. ज्या देशातली माणसं तोटा सोसून पुन्हा पेरणी करतात, तो देश एका तिमाहीच्या आकड्यानं खचणार नाही.

सात
रोजमेळ जुळला. गेल्या वर्षी पाऊस कमी झाला तेव्हा थकलेली उचल आज दोघांनी थोडी थोडी फेडली. हरभऱ्यासाठी बारदाना आजच सांगून ठेवावा, ऐन हंगामात मिळत नाही, असं मी शेठना म्हणालो.
"गेल्या वर्षीइतकाच सांगा."
"जास्त लागेल, शेठ."
ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "लिहा."