डुकरांपासून शेळ्यांपर्यंत

डिसेंबर 2025 मध्ये भाईंदर पूर्वेच्या एका इमारतीत बिबट्या शिरला, माणसं जखमी झाली, अखेर त्याला बेशुद्ध करून नेलं. त्याच महिन्यात वनमंत्री गणेश नाईक यांनी तोडगा सुचवला: मृतांच्या वारसांना कोटभर रुपये देत बसण्यापेक्षा तेवढ्याच पैशांच्या शेळ्या जंगलात सोडा. मला 2004 साल आठवलं. तेव्हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्यांसाठी डुकरं सोडली होती. एकवीस वर्षांत आमची अक्कल डुकरांवरून शेळ्यांवर आली.

त्याआधी उद्यानालगतच्या चेणे, काशिमिऱ्याच्या पाड्यांना बिबट्या नवा नव्हता. कोंबडी-कुत्रं जायचं, वाघोबा देवाला नारळ फुटायचा. ते सोडून देऊ.

2002 ते 2004 मात्र विसरता येत नाही. उद्यानाच्या कडेनं हल्ल्यांची रांग लागली, 2004 च्या जूनमध्ये तर कहर झाला. बळी बहुतेक पाड्यांतले, झोपडपट्टीतले. अंधारात शौचाला बसलेलं पोर बिबट्याला माणूस वाटतच नाही, बेताचं जनावर वाटतं. मीरा रोडच्या सोसायट्यांत मात्र तेव्हा चर्चा टँकर कधी येणार याचीच. मेलेल्यांत कुणी फ्लॅटवाला नव्हता ना!

जाग आली ती ‘पिंजरे लावा’ म्हणण्यापुरती. पिंजरे लावल्यानं काय होतं ते पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरनं दाखवलं होतं. तिथं बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाला आणि वर्षाला सरासरी 4 असलेले हल्ले 17 वर गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी हा हिशेब मांडला. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या बिथरतो आणि परतीची वाट धरतो. त्यानं सोडलेल्या हद्दीत दुसरा येतो. आजही नगरसेवकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पिंजराच हवा असतो.

त्या दशकातला माझा लाडका म्हणजे ‘आजोबा’ नावाचा बिबट्या. पारनेरकडच्या विहिरीत पडला होता. 2009 मध्ये रेडिओ कॉलर घालून त्याला माळशेजला सोडलं, तर पठ्ठ्या शंभराहून अधिक किलोमीटर तोडून, वसईची खाडी ओलांडून आमच्या बाजूच्या जंगलात आला. वाटेत कुणाला ओरखडाही नाही. 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. त्याच वर्षी सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (म्हणजे याच उद्यानासाठी मुंबईकर) हा उपक्रम सुरू झाला. वस्त्यांत जाऊन माणसांशी बोलणं हाही उपाय असतो, हे सरकारला एकदाचं सुचलं.

पुढची वर्षं बिबट्यांच्या गणनेची, कॅमेऱ्यांची आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ घरं विकणाऱ्या जाहिरातींची. कुशीत कोण आधीपासून झोपलंय, हे माहितीपत्रकात छापत नाहीत.

आमचा बिबट्या वस्तीत येतो तो भटक्या कुत्र्यांमागे, आणि कुत्री जमतात उकिरड्यावर. जिन्यात कोंडला, खाली हजार मोबाइल सरसावलेले, की तोही पंजा मारणारच. जंगलात शेळ्या सोडून यातलं काय बदलणार? कचरा वेळेवर उचलणं, पाड्यांवर दिवे आणि शौचालयं देणं, बिबट्या दिसला की गर्दी पांगवणं ही कामं महापालिकेची आणि पोलिसांची. ती वनमंत्र्यांच्या खात्यात येत नाहीत, म्हणून शेळ्या.