जोशुआ ट्री : दिवसभराच्या पायपिटीत दोन वाळवंटे

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या आग्नेय भागात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरच्या या मुलखात दोन वाळवंटे एकमेकांना भिडतात. साधारण ९०० मीटरपेक्षा उंच, थोडे थंड पश्चिमेकडचे मोहावी वाळवंट आणि पूर्वेकडे उतरत गेलेले, अधिक तापणारे कोलोरॅडो वाळवंट. हा फरक पायी फिरताना सर्वांत चांगला कळतो, कारण उतार लागला की झाडेच बदलतात.

फिरण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मे. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्यातल्या रात्री गोठवणाऱ्या असतात. उद्यानाच्या आतल्या भागात पिण्याचे पाणी मिळत नाही, ते कडेच्या मोजक्या ठिकाणीच मिळते. म्हणून माणशी किमान चार लिटर, आणि चढाई असेल तर त्याहून जास्त पाणी बरोबर घ्यावे लागते. मोबाइलचा सिग्नल बहुतेक ठिकाणी नसतो, त्यामुळे नकाशा कागदावर हवा आणि कोणत्या वाटेने जाणार हे मागे कोणाला तरी सांगून ठेवलेले हवे.

चढण सकाळीच उरकावी. रायन माउंटनची पायवाट जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरची, पण त्यात ३०० मीटरहून अधिक चढ आहे आणि सावली जवळपास नाही. १,६६३ मीटर उंचीच्या माथ्यावरून खाली जोशुआ वृक्षांची विरळ राने पसरलेली दिसतात.

या उद्यानाचे खरे वैभव म्हणजे हे झाड. ते युक्का कुळीतले, आपल्याकडच्या शेताच्या बांधावरील घायपाताचे नातलग. त्याच्या खोडात वर्षवलये नसतात, त्यामुळे वय उंचीवरून अंदाजानेच काढतात. वाढ वर्षाला काही सेंटिमीटरच. हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या थंडीने शेंडा दुखावला की झाड फुलते आणि तिथून फांदी फुटते. परागीभवन करणारा जीव एकच, युक्का पतंग. मादी एका फुलातले पराग गोळा करून दुसऱ्या फुलात जाते, तिथे अंडी घालते आणि पराग स्वतः स्त्रीकेसरावर दाबून बसवते. तिच्या अळ्या काही बिया खातात, उरलेल्यांतून झाडाचा वंश चालतो. पतंग नसेल तर बी नाही आणि झाड नसेल तर पतंग नाही. तापत्या हवेत सखल भागांत नवी रोपे तग धरेनाशी झाली आहेत, आणि हीच आज सर्वांत मोठी चिंता आहे. इथले मूळ रहिवासी असलेले काहुइया लोक या झाडाच्या पानांपासून टोपल्या आणि पायताणे विणत, कळ्या व बिया खात.

ऊन चढल्यावर हिडन व्हॅलीची दीड किलोमीटरची फेरी सोयीची. चहूबाजूंनी कातळांनी वेढलेल्या या जागेत शिळांच्या आडोशाला सावली मिळते. हे कातळ मॉन्झोग्रॅनाइटचे. दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखाली थिजला, त्याला भेगा पडल्या, भेगांत झिरपलेल्या पाण्याने कोपरे झिजवले. पुढे पुरांनी वरची माती वाहून नेली आणि गोलसर शिळा उघड्या पडून एकमेकींवर विसावल्या. जवळच गुराख्यांनी १९०० च्या सुमारास बांधलेले बार्कर धरण आहे. पावसानंतरच तिथे पाणी दिसते.

हे सारे टिकले त्यामागे मिनर्व्हा हॉइट या बाईंची चिकाटी आहे. बागा सजवण्यासाठी लोक वाळवंटातली झाडे उपटून नेत, ते थांबावे म्हणून त्यांनी मोहीम उभारली. १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित केला. १९५० मध्ये खाणींसाठी त्याचा मोठा भाग वगळला गेला, आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९४ मध्ये मिळाला.

दुपारी रस्ता पिंटो खोऱ्याकडे उतरतो. जोशुआ वृक्ष संपतात, क्रिओसोटची झुडपे सुरू होतात आणि मग चोया निवडुंगांची बाग लागते. कलत्या उन्हात त्यांचे काटे झळाळतात, पण नुसता स्पर्श झाला तरी चोयाचा अख्खा तुकडा अंगाला चिकटतो. तो बोटांनी ओढू नये, कंगव्याने उडवावा. आणखी दक्षिणेला कॉटनवूडजवळ झऱ्याकाठी पंखाताडांची बेटे आहेत. तिथून लॉस्ट पाम्स ओअ‍ॅसिसची वाट जाऊन-येऊन बारा किलोमीटरची असल्याने तिच्यासाठी वेगळा दिवस राखावा लागतो.