माणशी चार लिटर

पहाटे ५

पाइन स्प्रिंग्जच्या तंबूतळावर मिट्ट काळोख आहे. खिंडीतून येणारा वारा रात्रभर तंबू फडफडवत होता, आता जरा पडलाय. इथे शेकोटीला बंदी आहे. वाळकं गवत आणि असा वारा असताना ती असायलाच हवी. गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा होतो. बाबा नाशिकहून दोन महिन्यांसाठी डॅलसला आमच्याकडे आलेत. सह्याद्री पालथा घातलेला माणूस. टेक्सासातला सगळ्यात उंच डोंगर चढू या म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते, "वर टाकं आहे का गं?"

टाकं नाही. वाटेवर झरा नाही. ओढा लागतो तो कोरडा. ग्वादलूप शिखर २,६६७ मीटर उंच. पायथ्यापासून जाऊन-येऊन साडेतेरा किलोमीटर, चढ सुमारे ९०० मीटरचा, आणि एवढ्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही. नळ आहे तो पायथ्याशी. उद्यानाचे लोक माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, पाणी न्यायला सांगतात. आम्ही लिटरच्या चार-चार बाटल्या भरतो. बाबा सॅक उचलून अंदाज घेतात आणि काही न बोलता पट्टे आवळतात.

बाकी सामान थोडकं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, चिक्की, मीठ-साखरेची पुडी. मनगटी घड्याळ माउंटन टाइमवर लावून ठेवलंय. डॅलस इथून एक तास पुढे आहे, आणि या टापूत फोन कधी ही वेळ दाखवतो, कधी ती.

सकाळी ६.१५

हेडटॉर्च लावून निघतो. इतक्या लवकर निघायचं ते उन्हासाठी. पहिले दोन-अडीच किलोमीटर सगळ्यात खडे आहेत आणि सगळे उघड्यावर. सूर्य वर यायच्या आत जेवढं चढून होईल तेवढं पाणी वाचतं. ऑक्टोबरअखेरचं ऊन सोसण्यासारखं असतं. याच उतारावर जूनमध्ये दुपारी असणं जिवावर बेतू शकतं.

घोड्यांची वाट लवकरच वेगळी फुटते. माणसांची नागमोडी वर चढते, दगडांची, घसाऱ्याची. टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंना घायपात आणि फड्या निवडुंग दिसतात. बाबा थांबतात. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला, रेल्वेच्या कडेला बघितलेली ही झाडं. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, इथून जगभर गेलेली. "म्हणजे आज आपण यांच्या माहेरी आलो," बाबा म्हणतात.

घायपाताचं पान जवळून बघण्यासारखं असतं. टोकाला काळा, कडक काटा, कडेला वाकडे दात. आणि पानाच्या गुळगुळीत पाठीवर त्याच दातांची एक फिकट नक्षी. कोंबात पानं एकमेकांना घट्ट चिकटून मिटलेली असतात, तेव्हा शेजारच्या पानाच्या काट्यांचा हा ठसा उमटतो आणि पान उलगडलं तरी तसाच राहतो. मेस्कालेरो अपाची लोक या झाडाचा गाभा जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांमध्ये भाजून खात. जळक्या दगडांनी वेढलेले ते खड्डे या उद्यानात अजून दिसतात.

सकाळी ७.१०

सूर्य उगवतो. खालचं चिवावा वाळवंट करड्याचं पिवळं होतं. टोप्या डोक्यावर, टॉर्च सॅकमध्ये.

सकाळी ८.३०

पहिली बाटली संपली. कड्याच्या पोटातून कोरलेला एक टप्पा लागतो. वाट पुरेशी रुंद, पण एका बाजूला सरळ दरी. इथे वाऱ्याला मान द्यायचा. हिवाळ्यात आणि वसंतात या डोंगरावर ताशी ८० मैलांचे झोत येणं नवलाचं नाही. काल संध्याकाळी माहिती केंद्रातला वाऱ्याचा अंदाज बघूनच आजचा बेत पक्का केला होता.

बाबांना तहान नाही. "तहान लागायची वाट बघू नका, बाबा. हवा इतकी कोरडी आहे की घाम आलेला कळतही नाही." ते शर्टाची पाठ चाचपतात. खरंच कोरडी. पण कॉलरपाशी मिठाची पांढरी रेघ उमटली आहे. त्यानंतर दर वीस मिनिटांनी ते स्वतःहून घोट घेतात. माझा नियम एकच आहे: शिखरावर पोचताना निम्मं पाणी शिल्लक असलं पाहिजे. नसलं, तर जिथे निम्मं झालं तिथून मागे फिरायचं.

सकाळी ९.१५

वाट डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला जाते आणि एकदम सावली येते. पिन्यन पाइन, पाँडेरोसा पाइन, डग्लस फर. वाळवंटातल्या डोंगरावर हे रान आलं कुठून? हिमयुगात हवा थंड होती तेव्हा ही झाडं खालपर्यंत पसरलेली होती. हवा तापत गेली तशी ती उंचावर आणि उत्तरेच्या गारव्यात मागे सरली, आणि तिथेच तगून राहिली. या झाडांच्या बुंध्याशी बसून चिक्की खातो. निवडुंगाच्या उतारापासून इथवर आम्ही तीन तास चाललोय; तेवढ्यात हवामानाचे दोन पट्टे ओलांडून झाले.

सकाळी १०

समोरचा माथा गाठला की त्याच्या मागे खरा माथा दिसतो. अजून दीड किलोमीटरच्या वर वाट आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांचा धीर इथे खचतो, म्हणून मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं.

ते मात्र शिखराकडे बघतच नाहीत. वाटेतल्या एका करड्या चिऱ्यापाशी उकिडवे बसून बोटाने काहीतरी चाचपताहेत. दगडात एक गोल चकती आहे, मधोमध छिद्र, भोवती बारीक कप्पे. स्पंज. समुद्रातला. २६-२७ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळात इथे उबदार समुद्र होता आणि त्याच्या काठाने स्पंज, शैवाल आणि चुना यांची शेकडो किलोमीटर लांबीची भिंत वाढत होती. पुढे समुद्र आटला, भिंत गाळाखाली गाडली गेली, आणि गेल्या दोन-अडीच कोटी वर्षांत जमीन भेगाळून वर उचलली गेली तेव्हा तिचा एक तुकडा उघडा पडला. आम्ही सकाळपासून चढतोय तो हाच तुकडा. पर्मियनच्या मधल्या कालखंडाला जगभरचे भूवैज्ञानिक ग्वादलूपियन म्हणतात, तो या डोंगरांवरून. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा; हा चुनखडक त्याच्या चौपट म्हातारा.

पाणी का नाही, तेही इथेच कळतं. सह्याद्रीच्या बसाल्टात टाकं खोदलं की पावसाळ्याचं पाणी वर्षभर टिकतं; त्या टाक्यांवर गडांची वस्ती जगली. चुनखडकाला भेगाच भेगा. पडलेला पाऊस तो गिळतो आणि पार खाली नेतो. बाबा चकतीवरून पुन्हा एकदा बोट फिरवतात. दगड तिथेच ठेवतो. इथला खडाही उचलायला मनाई आहे.

सकाळी ११.१५

लाकडी साकव, मग शेवटची उघडी धार, आणि शिखर. माझ्या दोन बाटल्या भरलेल्या, बाबांच्या दोनला चार घोट कमी.

माथ्यावर पोलादाचा तिकोनी स्तंभ उभा आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९५८ मध्ये बटरफील्ड टपालगाडीच्या शताब्दीनिमित्त बसवलेला. सेंट लुइस ते सॅन फ्रान्सिस्को, २,८०० मैलांच्या आसपास, २५ दिवसांत पत्रं पोचवायचा तो करार होता, आणि १८५८ च्या सप्टेंबरात पहिली गाडी आज आम्ही निघालो त्या पायथ्याला थांबली होती. दक्षिणेला एल कॅपिटनचा कडा आता आमच्या खाली आहे. रस्त्यावरून तोच सगळ्यात उंच वाटतो. प्रत्यक्षात २०० मीटरने बुटका.

पश्चिमेला मात्र नजर ठरत नाही. जमिनीचा जो भाग खचला तिथे मिठागर पसरलंय, पांढरंशुभ्र. तिथलं मीठ आसपासची मेक्सिकन वंशाची गावं पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेत; ते सगळ्यांचं मानलं जाई. एका वकील-राजकारण्याने त्यावर खाजगी हक्क सांगितला आणि १८७७ मध्ये सॅन एलिझारिओत रक्त सांडलं. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्यानंतर ५३ वर्षांनी झाला. मार्ग अगदी वेगळा, पण मीठ कुणाचं, हा प्रश्न तोच. बाबा दशमीवर लोणच्याची फोड ठेवतात आणि बराच वेळ त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत जेवतात.

दुपारी १२

उतरायला लागतो. शिखरावर रेंगाळायचा मोह होतो, पण उतार हेच खरं काम आहे. सुटे दगड पायाखालून निसटतात, गुडघे बोलतात, आणि सकाळी सावलीत असलेल्या वळणांवर आता ऊन तापलंय. काठ्या लांब करून घेतो. मीठ-साखरेची पुडी तिसऱ्या बाटलीत. वर येणारा एक तरुण भेटतो, हातात अर्ध्या लिटरची एकच बाटली. बाबा मराठी-इंग्रजीत त्याला परत फिरायला सांगतात. तो मान्य करतो आणि आमच्याबरोबर उतरतो.

दुपारी ३.३०

पायथा. बाबांच्या चौथ्या बाटलीत तळाला चार बोटं पाणी. चालत पायनरी ठाण्याच्या पडक्या भिंती बघून येतो. टपालगाडीचं हे ठाणं इथेच का बांधलं, याचं उत्तर जवळच्या पाइन स्प्रिंगमध्ये आहे: वर भेगांत मुरलेलं पाणी पायथ्याशी झऱ्याने बाहेर पडायचं. वर्षभरातच, ऑगस्ट १८५९ मध्ये, टपालाचा मार्ग दक्षिणेला हलला आणि ठाणं मागे पडलं.

टेक्सासातल्या मराठी मंडळींनो, डोंगर हवा म्हणून दर सुट्टीत कोलोरॅडो गाठण्याआधी एकदा इकडे या. आईवडील आले असतील आणि त्यांना चढायची सवय असेल, तर त्यांनाही आणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या, वाऱ्याचा अंदाज बघून या, सूर्याच्या आधी निघा. आणि निम्मं पाणी संपलं असेल तर शिखर समोर दिसत असलं तरी मागे फिरा.