पारगड : शिबंदीचं गाव

महाराष्ट्रातल्या बहुतेक किल्ल्यांवरून संध्याकाळी शेवटचा पर्यटक उतरला की मागं कुणी उरत नाही. पारगडावर मात्र त्या वेळी चुली पेटतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या पश्चिम टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३८ मीटर उंचीवर हे गाव वसलं आहे. कड्याखाली तिळारीचं खोरं, पलीकडं सिंधुदुर्ग आणि गोवा.

शिवकाळात इथं स्वराज्याची हद्द संपायची. गोव्यात पोर्तुगीज, पूर्वेला आदिलशाही मुलूख, खाली वाडीचे सावंत. घाटवाटांवर नजर ठेवायला १६७६च्या सुमारास गड उभा राहिला आणि किल्लेदारी रायबा मालुसऱ्यांकडं आली, असं परंपरा सांगते. कोंढाण्यापायी ज्याचं लग्न मागं पडलं, तोच हा तानाजींचा मुलगा. चंद्र-सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, ही शिवाजी महाराजांची आज्ञा गडकऱ्यांच्या घराघरांत सांगितली जाते. तिचा कागद शोधण्यापेक्षा तिचं पालन बघावं. मालुसरे, शेलार, माळवे या घराण्यांचे वंशज अजून गडावर नांदतात.

तटबंदी म्हणाल तर फारशी नाही. तीन बाजूंच्या कड्यांनीच ते काम केलं आहे. पायऱ्या चढून आलं की मारुती, पुढं शिवरायांचा पुतळा, शाळा आणि भवानीचं देऊळ. पाण्याला तळी. तोफखान्याचे प्रमुख विठोजी माळवे मोगलांशी लढताना पडले, असं सांगतात. त्यांची समाधीही इथंच.

राज्य गेलं, किल्लेदारी गेली, शिबंदीतले सैनिक शेतकरी झाले. पण धो-धो पावसातलं भात आणि नाचणी किती जणांना पुरणार? त्यात गव्यांचा त्रास. मग कुणी लष्करात गेलं, कुणी मुंबईला, कुणी गोव्यात. हद्दीनं मात्र गावाची पाठ सोडली नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला आणि आजच्या कर्नाटकची सीमा शेजारी आली. १९६१पर्यंत पलीकडं पोर्तुगीज होतेच.

आता गडावर गाडीही जाते. आमच्या मते या गडाला नवे बुरूज नकोत. शाळा चालू राहावी, दवाखाना जवळ असावा, एसटी वेळेवर यावी. आणि तुम्ही गेलात तर एवढं करा: स्पीकर, बाटल्या खालीच ठेवा, फोटोआधी विचारा आणि जेवण गडावरच्याच घरात सांगा.