सिस्टरचा वेळ जातो कुठे?

‘सिस्टर, सलाईन संपत आलंय!’ वॉर्डाच्या एका टोकाकडून हाक येते. सिस्टर टेबलाशी केसपेपर भरत असते. ‘आले हं,’ म्हणते, पण लगेच उठता येत नाही. नातेवाइकांना वाटते, ही नुसती लिहीत बसली आहे. सिस्टरला वाटते, सकाळपासून पाठ टेकलेली नाही. दोघांचेही खरे असू शकते. मग आठ तासांची पाळी नेमकी जाते कुठे, हे कळण्यासाठी वेळ मोजावा लागतो.

ही कल्पना कारखान्यांतून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामातील हालचालींचा अभ्यास केला आणि नंतर शस्त्रक्रियांचे चित्रीकरण करून तीच पद्धत तिथे वापरली. सर्जनने स्वतः हत्यारे शोधण्यापेक्षा शेजारी उभ्या सहायकाने ती हातात द्यावीत, हा आज सर्वत्र रुळलेला शिरस्ता सुचवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

मोजायचे कसे?

पहिल्या पद्धतीत निरीक्षक पूर्ण वेळ परिचारिकेच्या किंवा डॉक्टरच्या मागे राहून प्रत्येक कामाची वेळ टिपतो. माहिती नेमकी मिळते; पण एका वेळी एकाच व्यक्तीवर नजर ठेवता येते आणि खर्चही बराच होतो. दुसरी पद्धत म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. दिवसभरात कोणत्याही अनपेक्षित क्षणी ‘आत्ता काय चालले आहे?’ एवढेच नोंदवायचे. अशा शेकडो नोंदींतून वेळेची वाटणी कळते. तिसरी पद्धत रोजनिशीची. ती स्वस्त असते. मात्र ती आठवणीवर अवलंबून असते आणि आठवण फसवते.

अमेरिकेतील 36 रुग्णालयांमधील 767 परिचारिकांचा असा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. शुश्रूषेशी संबंधित कामाच्या वेळेपैकी सुमारे 35 टक्के वेळ नोंदी करण्यात जात होता. इतरांशी समन्वय साधण्यात सुमारे 21 टक्के, तर औषधे देण्यात 17 टक्के वेळ जाई. रुग्णाच्या प्रत्यक्ष शुश्रूषेला 19 टक्के आणि तपासणी, ताप-नाडी पाहणे यांसाठी जेमतेम 7 टक्के वेळ उरत होता. दिवसपाळीच्या दहा तासांत या परिचारिका साधारण पाच किलोमीटर चालत होत्या.

डॉक्टरांचे चित्रही वेगळे नाही. अमेरिकेतील चार राज्यांतील 57 डॉक्टरांचे 430 तास निरीक्षण करून 2016 मध्ये निष्कर्ष मांडण्यात आले. रुग्णांशी समोरासमोर 27 टक्के वेळ, तर संगणकावरील नोंदी व टेबलावरील कामात 49 टक्के. ज्यांनी रोजनिशी भरली, ते घरी गेल्यावरही रात्री एक-दोन तास हेच काम करत होते.

आकडे वाचताना

पण नोंदींचा वेळ वाया गेला असे समजणे चूक ठरेल. दुपारचा डोस दिला की नाही, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे पुढच्या पाळीला त्या कागदावरूनच कळते. खटकते ते एकच माहिती पुनःपुन्हा भरणे. आपल्याकडेही उपकेंद्रातील एएनएम ताईंना लसीकरण, गरोदर माता यांची माहिती आधी रजिस्टरात आणि मग पोर्टलवर भरण्याचे दुहेरी काम अनेकदा करावे लागते.

शिवाय काही कामे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. सलाईन बदलता बदलता सिस्टर रुग्णाचा चेहरा न्याहाळते, श्वासाकडे लक्ष देते, घाबरलेल्या आजींशी दोन शब्द बोलते. निरीक्षक लिहितो, ‘सलाईन, दोन मिनिटे’. कोणी पाहत आहे म्हटल्यावर माणूस वेगळे वागतो, हीसुद्धा अडचण आहेच.

तरीही मोजणे गरजेचे आहे. पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त आढळली. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालेले नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ ही पद्धत यासाठीच वापरतात. समजा, एका ड्रेसिंगला 15 मिनिटे लागतात आणि रोज 20 ड्रेसिंग असतात. म्हणजे पाच तास त्यातच गेले. अशी सर्व कामे मांडून, रजा-सुट्ट्या वजा करून किती माणसे लागतील याचा हिशेब होतो. खाटांच्या संख्येवरून पदे ठरवण्यापेक्षा हा हिशेब प्रत्यक्ष कामाच्या जवळ जातो.

मात्र घड्याळ कशासाठी लावले, हे आधी सांगावे लागते. कोण रेंगाळते ते पकडण्यासाठी मोजणी झाली, तर कर्मचारी खरी माहिती देणार नाहीत. कोणता फॉर्म कमी करता येईल, कोणते सामान खाटेजवळ ठेवता येईल, कुठे आणखी एक परिचारिका हवी, हे शोधण्यासाठी झाली, तर वाचलेली मिनिटे रुग्णाच्या वाट्याला येतील आणि सलाईन संपण्याआधी सिस्टर खाटेशी पोहोचेल.