जाळ्याचा अभ्यास आणि अकोल्याचे काजवे

जाळे हा शब्द मराठीस नवा नाही. कोळ्याचे जाळे, मासेमाराचे जाळे, सोयऱ्याधायऱ्यांचे जाळे असे प्रयोग आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. तथापि ज्यास आज जालशास्त्र म्हणतात त्यात हा शब्द अत्यंत नेमक्या अर्थाने वापरला जातो. काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना सांधणारे दुवे, एवढाच त्याचा अर्थ. बिंदू म्हणजे माणसे असोत, गावे असोत की भ्रमणध्वनीवरील खाती असोत, गणिताला त्याचे सोयरसुतक नसते. डिजिटल माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास या शास्त्राचा मोह पडतो तो त्याच्या या अलिप्ततेमुळेच. परंतु ही अलिप्तता कोठवर उपयोगी पडते आणि कोठे आपणांस फसविते, हे पाहण्यासाठी एखादा ओळखीचा मुलूख समोर ठेवणे बरे. प्रस्तुत लेखात तो मुलूख अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका हा आहे.

हा तालुका प्रवरा आणि मुळा या दोन नद्यांच्या उगमाचा. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही सह्याद्रीची उत्तुंग शिखरे. पूर्वेस अकोले गावाभोवती उसाचे मळे. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण याच तालुक्यात आहे, आणि त्याच्या आसपासच्या राईत मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरीपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे बसतात, आणि एका झाडावरची त्यांची उघडझाप पुष्कळदा एका लयीत होताना दिसते.

ही लय कोण ठरवितो? कोणीही नाही, असे गणित सांगते. रेनातो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोघांनी १९९० साली असे दाखविले की, प्रत्येक काजवा आपापल्या गतीने उजळण्याच्या क्षणाकडे जात असेल, आणि दुसऱ्याचा प्रकाश दिसताच त्याचा स्वतःचा क्षण किंचित अलीकडे येत असेल, तर एवढ्या एका नियमावर सारा समुदाय, अगदी अपवादात्मक आरंभस्थिती वगळता, कालांतराने एका तालात येतो. पुढारी लागत नाही, ढोल लागत नाही. मात्र या सिद्धांतात प्रत्येक काजव्यास इतर सर्व काजवे दिसतात असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तसे नसते. स्ट्रोगॅट्झ यांचा विद्यार्थी डंकन वॉट्स हा रातकिड्यांच्या किरकिरीचा असाच अभ्यास करीत असता त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला: कोणता किडा कोणाचे ऐकतो? या साध्या प्रश्नातून १९९८ सालचा वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांचा सुप्रसिद्ध निबंध जन्मास आला, आणि आजच्या जालशास्त्राचा आरंभ बहुधा तेथूनच धरतात. समाजमाध्यमांच्या अभ्यासाची एक मुळी किड्यांच्या अभ्यासात आहे, ही गोष्ट आपल्या वर्गात क्वचितच सांगितली जाते.

निबंधाचा आशय समजण्यास अवघड नाही. एका वर्तुळावर माणसे बसली आहेत आणि प्रत्येकजण फक्त शेजारच्या चारदोघांस ओळखतो असे समजा. निरोप पलीकडच्या टोकास जाण्यास फार हात बदलावे लागतील. आता यांतील थोडेसेच दुवे उचलून कोठेतरी लांब जोडा. शेजाऱ्यांची घट्ट वीण जवळजवळ तशीच राहते, पण अंतर एकदम कोसळते. घाटघर किंवा साम्रद यांसारख्या गावाचा विचार केला म्हणजे हे पटते. गावात प्रत्येकजण प्रत्येकाचे सारे जाणतो. पण गावाचा जगाशी संबंध येतो तो बदलून आलेला शिक्षक, मुक्कामी एस. टी. चा चालक, नारायणगावाकडे मजुरीस जाणारी जोडपी आणि मुंबईस नोकरीला लागलेला एखादा मुलगा यांच्यामार्फत. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली अशाच दुव्यांस ‘दुर्बळ दुवे’ म्हटले, आणि नवी माहिती, विशेषतः नोकरीची, जिवलगांपेक्षा अशा अर्धवट ओळखीच्या माणसांकडूनच अधिक येते असे दाखविले. जिवलगांस जे ठाऊक असते ते बहुधा आपणांसही ठाऊक असते, हे त्याचे कारण.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या पत्रप्रयोगाचा उल्लेख या विषयावरच्या प्रत्येक लेखात येतो, म्हणून त्याबद्दल एकच सांगतो. ‘सहा पावलांचे जग’ ही म्हण त्यावरून रूढ झाली. पण १९६९ च्या अहवालाप्रमाणे २९६ पैकी केवळ ६४ पत्रे मुक्कामास पोचली, आणि मध्यस्थांची सरासरी काढली ती पोचलेल्या पत्रांची. न पोचलेल्या पत्रांचे जग किती मोठे होते, हे म्हण सांगत नाही. २०१६ साली फेसबुकने आपल्या १५९ कोटी वापरणाऱ्यांपैकी कोणत्याही दोघांमधील मध्यस्थांची सरासरी ३·५७ असल्याचे प्रसिद्ध केले तेव्हाही मोजणी झाली ती आत असलेल्यांचीच.

बाहेर कोण राहतो? अकोल्याच्या पश्चिम भागात या प्रश्नाचे उत्तर काही अंशी भूगोल देतो. भ्रमणध्वनीच्या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याची सावली पडते. मनोरा एका खोऱ्यात आणि वाडी दुसऱ्या खोऱ्यात असली तर हवाई अंतर कितीही थोडे असो, वाडी मुकीच राहते. पावसाळ्यात वीज गेली की मनोऱ्याची साठवलेली वीजही काही तासांत सरते. २०२० साली शाळा बंद होऊन शिक्षण पडद्यावर आले, त्या वेळी अशा डोंगरी भागांतील मुलांना ‘रेंज’ शोधीत टेकाड गाठणे म्हणजे काय हे चांगलेच कळले. ‘रेंज’ हा शब्द आता आदिवासी वाड्यांतील बोलीतही पाण्यासारखाच वापरला जातो: आली, गेली, वरच्या अंगाला मिळते.

आता काजव्यांकडे परत वळू. गेल्या काही वर्षांत काजव्यांच्या हंगामात भंडारदरा परिसरात शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगा लागू लागल्या आहेत. चित्रफिती पाहून लोक येतात, आपल्या चित्रफिती काढतात, त्या पाहून आणखी लोक येतात. आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी १९९९ साली जालाच्या वाढीचा जो नियम मांडला त्याचे हे उदाहरण मानता येईल. नवा दुवा जोडताना आपण सहसा ज्यास आधीच पुष्कळ दुवे आहेत त्यासच जोडतो. त्यामुळे मोठे बिंदू अधिक मोठे होतात आणि बाकीचे होते तेथेच राहतात. काय दाखवायचे हे ठरविणारी समाजमाध्यमांची यंत्रणा या प्रवृत्तीस आणखी धार आणते. शेजारच्या दरीतही काजवे असतात. तेथे कोणी जात नाही. (या नियमाचा गणिती आकार सर्वच जाळ्यांत आढळतो, असा दावा पूर्वी केला जाई. २०१९ साली ब्रॉइडो आणि क्लॉसेट यांनी सुमारे हजारभर जाळी तपासून तो आकार फारच थोड्यांत काटेकोरपणे सापडतो असे दाखविले. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाठ्यपुस्तके अजून जुनेच सांगतात.)

काजव्याचा प्रकाश शोभेसाठी नसतो. नर चमकून मादीस खूण देतो आणि मादी, पुष्कळदा गवतातून वा झुडपातून, उत्तर देते. त्यांचे सारे प्रजनन या संवादावर अवलंबून. मोटारीचे दिवे, विजेरी, भ्रमणध्वनीचा लखलखाट यांनी हा संवाद तुटतो, आणि जमिनीत वाढणाऱ्या अळ्या पायांखाली व चाकांखाली जातात. म्हणजे एक जाळे दुसऱ्या जाळ्यावर येऊन पडते आणि त्याचे धागे तोडते. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो; वनविभागाने अलीकडे हंगामात प्रवेशाच्या वेळा आणि वाहने यांवर निर्बंध घातले आहेत. परंतु शहरातील लोकांनी येऊच नये, असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. भात आणि मजुरी यांवर जगणाऱ्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांस वर्षातील हे तीन-चार आठवडे तंबू, जेवण आणि वाटाड्याचे काम देतात. माझ्या मते खरा प्रश्न गर्दीच्या आकड्याचा तितकासा नाही. ती गर्दी कोठे लोटावी हे ठरविणारी यंत्रणा गावापासून हजारो मैलांवर आहे आणि तीत गावास मत नाही, हा तो प्रश्न आहे.

येथे अभ्यासाच्या पद्धतीचा मुद्दा येतो, आणि आम्हां विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा आहे. दशकभर या क्षेत्रातील पुष्कळसे संशोधन कंपन्यांनी खुल्या ठेवलेल्या दारांतून झाले. ती दारे आता मिटली आहेत. ट्विटरने २०२३ साली संशोधकांस फुकट मिळणारी विदा बंद केली. फेसबुकवरील मजकुराचा प्रसार पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. आपल्या खेड्यांत ज्याचा सर्वाधिक वापर होतो त्या व्हॉट्सॲपचे दार तर बाहेरच्यास कधीच उघडे नव्हते: २०१६ पासून तेथील संदेश दोन्ही टोकांस कुलूपबंद असतात, आणि ते तसे असणे हे सामान्य माणसाच्या हिताचेच आहे. तेव्हा जो प्रसार सर्वांत अधिक महत्त्वाचा, तोच संगणकापुढे बसून दिसत नाही.

तो किती महत्त्वाचा, हे धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याने दाखविले. साक्री तालुक्यातील या गावी १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. तशी अफवा त्या सुमारास भ्रमणध्वनींवरून देशभर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मनाई केली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. या मर्यादेचे गणित उद्‌बोधक आहे. प्रत्येकाने वीस व्यक्तींस पाठविले तर तिसऱ्या पायरीवर ८,००० जण होतात. पाचांस पाठविले तर १२५. पण पाच ‘ठिकाणे’ म्हणजे पाच माणसे नव्हेत. गटात तेव्हा २५६ पर्यंत सदस्य असत. म्हणजे पाच गटांत पहिल्याच पायरीस १,२८० पर्यंत माणसे. मर्यादेने वेग घटतो, वाट बंद होत नाही.

आणि तरीही हे गणित राईनपाड्याचे पूर्ण स्पष्टीकरण देत नाही. संदेश लाखो ठिकाणी पोचला. हत्या बाजारात झाली. बाजार हेही जाळेच आहे, आणि ते आपल्या समाजशास्त्रास अपरिचित नाही. डॉ. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचा आठवडे बाजारांवरील ग्रंथ १९७० साली डेक्कन कॉलेजतर्फे निघाला. त्याआधी १९६३ मध्ये कर्वे आणि य. भा. दामले यांनी ग्रामसमूहातील परस्परसंबंधांची पाहणी प्रसिद्ध केली होती. कोण कोणाकडे जातो, कोणाकडे जेवतो, अडचणीत कोणाचे दार ठोठावतो, असे प्रश्न घरोघर जाऊन विचारण्याची ती परंपरा. ‘कोणता किडा कोणाचे ऐकतो’ हा वॉट्सचा प्रश्न याच जातीचा आहे. भटक्या जमातीचा भिक्षेकरी बाजारातल्या कोणाच्याच ओळखीचा नसतो, त्याच्या बाजूने बोलणारा एकही दुवा तेथे नसतो, ही गोष्ट दूरध्वनीच्या नोंदींत सापडणार नाही. ती बाजारात उभे राहूनच कळेल.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अकोले तालुक्यातच आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले आणि बीजकोश उभा केला. शाळेत न गेलेल्या या बाईंची कीर्ती जगभर झाली. २०१८ साली बी. बी. सी. च्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कीर्ती डिजिटल माध्यमांनी पसरली, बियाणे मात्र तसे पसरले नाही. ते बचत गटांतून, माहेर-सासरच्या नात्यांतून, आणि ‘बाएफ’सारख्या संस्थेने जोडलेल्या दूरच्या दुव्यांतून हातोहात गेले. नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत करावयाचे, असा तेथील रिवाज. संदेश पुढे ढकलण्यास क्षण पुरतो आणि खर्च शून्य; वालाचे बी पुढे देण्यापूर्वी ते पेरावे, राखावे, एक हंगाम थांबावे लागते, आणि ते खोटे निघाले तर देणारी कोण हे घेणारीस ठाऊक असते. दोन्ही जाळी कागदावर सारखीच काढता येतात, बिंदू आणि दुवे. दुव्यातून काय वाहते, त्याची किंमत कोण देते आणि त्याबद्दल जाब कोणास विचारता येतो, हे आकृतीत लिहिण्याची सोय अजून आपणांकडे नाही. ती करावयाची तर राजूरच्या किंवा कोतुळच्या बाजारापासून आरंभ करता येईल: संध्याकाळी परतणाऱ्या प्रत्येकास आज नवे काय ऐकले, ते कोणाकडून ऐकले, आणि त्यावर विश्वास का बसला, एवढे तीनच प्रश्न विचारून.